वैशाखातली झोप

माझी धाकटी बहीण गेली चोवीस वर्षे कॅनडात, टोरोंटोजवळच्या एका गावी राहते. फुलझाडांचे तिला वेड आहे, आणि ते तिने नेले आहे इथूनच, किन्हवलीजवळच्या आमच्या परसातून. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे सह्याद्रीला पाठ टेकून बसलेले दोन तालुके. त्यांना जोडणाऱ्या रस्त्यावर किन्हवली लागते. मुलांच्या शाळा आणि नवऱ्याची रजा यांचा मेळ घालून बहिणीचे येणे व्हायचे ते बहुधा दिवाळीच्या सुमारास. त्या दिवसांत आमचे परस दृष्ट लागावी असे असते. झेंडू पेटलेला, शेवंतीच्या कळ्या उकलू लागलेल्या, संध्याकाळी गुलबास उघडलेला. दोन वर्षांपूर्वी मात्र घरात लग्न निघाले आणि तिला भर वैशाखात यावे लागले.

गाडीतून उतरून तिने पायांवर पाणी घेतले आणि चहालाही न थांबता ती मागल्या दारी गेली. तिथूनच तिची हाक आली.

"दादा, सगळं मेलं की रे!"

मी मागोमाग गेलो. जमीन भेगाळलेली होती. गुलबासाच्या जागी काळवंडलेल्या चार काड्या उभ्या होत्या, कर्दळीची पाने वाऱ्याने कागदासारखी वाजत होती, आणि हळदीचा वाफा तर सपाट झाला होता. मोरीजवळचा मोगरा तेवढा हिरवा.

"मेलं नाही, झोपलंय," मी म्हटले.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि हसायला लागली. तिथल्या घरात राहायला गेल्यावर पहिलाच हिवाळा सरला, तेव्हा तिने अंगणात वाळलेल्या काटक्या पाहिल्या होत्या आणि कुदळ घेऊन त्या उपटायला निघाली होती. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून धावत आली. ते मेलेले नाही, झोपले आहे, मे महिना उजाडेपर्यंत दम धर, असे तिने बजावले. "तेच वाक्य, दादा," बहीण म्हणाली. "तिथली झोप ओळखायला शिकले आणि इथली विसरले बघ."

निवृत्त शिक्षकाला वेळेची ददात नसते. बहिणीच्या त्या एका वाक्यापायी मी पुढले वर्षभर जुनी गॅझेटिअरे आणि बागांची पुस्तके चाळीत बसलो. आपल्या परसातली फुलझाडे कोठून आली, कोणती टिकली, कोणती टिकली नाहीत आणि का, हे पाहावयाचे होते. त्यातून जे हाती लागले ते फराळाच्या ताटाशेजारी ठेवीत आहे.

आधी तिच्या बागेविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिच्याकडे लायलॅकची झुडुपे आहेत, पिओनी आहेत, आयरिस आहेत, फ्लॉक्स आहेत. पिओनी म्हणजे आपल्या कमळाच्या आकाराचे, पण पाकळ्यांनी गच्च भरलेले फूल. एकदा लावली की आजीने लावलेली नातीला फुले देते अशी तिची ख्याती. ऑक्टोबरात पाने गळू लागली की ती झाडांच्या बुडाशी पाचोळ्याची गादी घालते. मग बर्फ पडते. चारपाच महिने वर काही दिसत नाही. एप्रिलच्या अखेरीस मातीतून पिओनीचे तांबडे कोंभ बोटाएवढे वर येतात. तिचा कंद लावताना डोळे मातीखाली दोन इंचांपेक्षा खोल जाता कामा नयेत; गेले तर पाने येतात, फूल येत नाही. आणि या सर्व झाडांची एक अट असते. त्यांना कित्येक आठवडे गोठवण्याच्या जवळ जाणारी थंडी सोसावी लागते. ती सोसल्याशिवाय डोळा जागा होत नाही. थंडी हा त्या झाडांवरचा अत्याचार आहे असे आपल्याला वाटते. त्यांच्या दृष्टीने ते पंचांग आहे.

हे मला आधी कळले असते तर माझे पैसे वाचले असते. बहिणीने धाडलेली छायाचित्रे पाहून मीही एकदा उत्तरेकडून पिओनीचे चार कंद आणि लायलॅकची दोन रोपे मागवली होती. आमच्याकडे थंडी नसते असे नाही. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तिथे घोंगड्या विकत घेणारे लोक काही हौसेने घेत नाहीत. परंतु घोंगडीची थंडी वेगळी आणि पिओनीची वेगळी. कंदांनी फाल्गुनात मुकाट्याने पाने काढली, वैशाखात ती करपली, आणि श्रावणात मी माती उकरून पाहिली तेव्हा कंदांचा चिखल झाला होता. लायलॅक त्याआधीच गेले होते. आमच्याकडे चार महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मग आठ महिने आकाशाला आमची आठवण नसते. या हिशेबात त्या बिचाऱ्या झाडांना झोपावे केव्हा आणि जागे व्हावे केव्हा हेच समजले नाही.

माझी ही फजिती काही नवी नव्हती. हाच प्रयोग इंग्रजांनी फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला होता. पेशवाई बुडून दहा वर्षे झाली नाहीत तोच, १८२८ साली, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने पुण्याजवळ दापोडीला पवनेच्या काठी सरकारी वनस्पतिउद्यान उभे केले. त्याच सुमारास त्याने महाबळेश्वरला थंड हवेचे ठाणे वसवले. तिथल्या पेठेला त्याचेच नाव मिळाले. स्वदेशाची आठवण येणाऱ्या माणसाने पहिल्यांदा काय करावे? घरच्यासारखी थंडी शोधावी आणि तिथे घरची फुले लावावी. महाबळेश्वरच्या बंगल्यांभोवती विलायती फुले काही अंशी रमलीही. पण महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. खाली देशावर आणि कोकणात गोष्ट निराळी होती.

१८३८ साली दापोडीच्या उद्यानावर अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर नेमला गेला. हा स्कॉटलंडचा मनुष्य. त्याआधी दख्खन आणि खानदेशात देवी टोचीत तो गावोगाव हिंडला होता, त्यामुळे त्याला हा मुलूख पायाखालचा झाला होता. औषधी वनस्पतींसाठी जुन्नरजवळ हिवऱ्यालाही एक सरकारी बाग होती, आणि तीही त्याच्याच देखरेखीखाली. आमच्या दृष्टीने हिवरे म्हणजे शेजारच. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेले की माणूस जुन्नरच्या पठारावर पाय ठेवतो. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल याच घाटाने वर जाई. नागनिका राणीचा शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण तिथे आजही आहे. गावाचे नाव वैशाखरे आणि मी लिहितो आहे वैशाखावर, हा निव्वळ योगायोग समजावा. मला व्युत्पत्ती सांगावयाची नाही.

दापोडीच्या बागेत जगभरातून बिया आणि रोपे येत. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने तिथल्या झाडांची चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकार इथलाच होता. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. झाडांची नावे लॅटिनमध्ये व्यवस्थित लिहिली आहेत, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

या साऱ्या खटाटोपातून विलायती फुलांबाबत जे शहाणपण निघाले ते पुढल्या पिढीच्या बागकामाच्या पुस्तकांत उतरले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि गणेशखिंडीच्या बागेचे काम पाहणारे वुड्रो यांचे पुस्तक त्यांत विशेष गाजले. शहाणपण साधे होते. थंड देशात वर्षानुवर्षे टिकणारी जी फुलझाडे, त्यांना इथे एका हंगामाचे पाहुणे समजावे. पाऊस संपला की बी पेरावे, माघापर्यंत फुले घ्यावी, आणि उन्हाळा लागला की झाड उपटून टाकावे. हॉलीहॉक, कार्नेशन, स्नॅपड्रॅगन ही मंडळी अशी आपल्याकडे येऊन हंगामी झाली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, तिथे ती नटूनथटून बसलेली दिसतात. पण खेड्यातल्या परसात त्यांनी पाय रोवला नाही. दरवर्षी बी विकत घेऊन फूल लावणे ही ज्याच्या घरी माळी आहे त्याची हौस. आमच्या आईला हे सांगितले असते तर तिने विचारले असते, "मग त्याला झाड कशाला म्हणायचं? भाजी म्हणा."

आता आमच्या परसाकडे वळू. आईने जी झाडे लावली ती कोणी विकत आणली नव्हती. शेजारणीकडून कंद, मावशीकडून फांदी, देवळामागून काशा, अशी ती गोळा झाली होती. झेंडू, गुलबास, कर्दळ, निशिगंध, शेवंती, दारातला खुरचाफा. अगदी अस्सल मराठी परस, असे कोणीही म्हणेल. मीही म्हणत होतो. पुस्तके उघडली आणि पाहतो तो यांतली शेवंती चीनची आणि बाकीची पाचही अमेरिका खंडातली!

झेंडू मेक्सिकोचा. तिथल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेत त्याला 'वीस फुलांचे फूल' अशा अर्थाचे नाव होते. आजही तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी, म्हणजे आपल्या दिवाळीच्याच आगेमागे, घरी येणाऱ्या मृतात्म्यांना वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या दारापर्यंत पसरतात. निशिगंधही मेक्सिकोचा. गुलबासाचे नाव फारसी, म्हणून तो इराणातून आला असे वाटते. पण त्याचेही माहेर अमेरिका. कर्दळ आणि खुरचाफा त्याच बाजूचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांची गलबते या दोन किनाऱ्यांची गाठ घालू लागली आणि त्या वाटेने ही झाडे आपल्याकडे उतरली. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. चिमाजीअप्पांनी ती घेतली तेव्हा किल्ला मराठ्यांचा झाला. फुले मात्र त्याच्या कितीतरी आधी घरची झाली असावीत. शहापूरच्या माहुली किल्ल्यावर १६३६ साली शहाजीराजांना शरण जावे लागले. त्या वेळी पायथ्याच्या गावात दसऱ्याच्या तोरणात झेंडू होता की नव्हता, हा प्रश्न माझ्या मनात उगाच घोळत राहतो. गोंडा, तुळस आणि आपट्याचे पान यांच्यावाचून दसरा कसा दिसेल याची कल्पना आता आपल्याला करता येत नाही.

पण खरी मौज पुढे आहे. विलायतेची फुले पाहुणी राहिली आणि मेक्सिकोची घरची झाली, असे का व्हावे? पोर्तुगिजांनी फार जपून लावली म्हणून नव्हे. मेक्सिकोच्या मध्यभागातही आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर पाऊस पडतो आणि मग प्रदीर्घ कोरडा काळ येतो. तिथल्या झाडांनी शिकलेली विद्या इथे जशीच्या तशी चालली. पावसात वाढावे, पाऊस सरता फुलावे, आणि पाणी संपले की कंदात शिरून पडून राहावे. गुलबासाची मुळी काढून पाहावी, गाजराहून जाड असते. निशिगंधाचा कांदा तसाच. कर्दळीचा गड्डा तसाच. खुरचाफा कंद करीत नाही. तो पाने टाकून देतो आणि नागव्या फांद्यांवर फुले धरतो. इंग्रजांच्या झाडांना थंडीत झोपण्याची सवय, मेक्सिकोच्या झाडांना तहानेत. आमच्याकडे तहान भरपूर.

शेवंतीचे तेवढे वेगळे आहे. थंड देशांतही ती टिकते, तरी तिला फुलण्यासाठी बर्फ लागत नाही. दिवस लहान होऊ लागला की ती कळी धरते, म्हणून नेमकी दिवाळीला हजर होते. जिला घड्याळ पाहता येते तिला कोणत्याही गावी राहता येते.

बहिणीला हे सारे मी फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या डेलियाचं इथं चुकतं ते हेच." डेलियाही मेक्सिकोचीच. तिकडे पहिल्या हिवाने पाने काळी पडली की तिचे कंद खणून, झटकून, खोक्यात भरून तळघरात ठेवावे लागतात. जमिनीत राहिले तर गोठून मरतात. आमच्या आईने गुलबास कधी खणला नाही. तिचे तळघर म्हणजे परसातली मातीच.

हे सगळे परक्या मुलखाचे झाले. पण पाहुण्यांना ही विद्या चालली त्याअर्थी यजमानांना ती अवगत असलीच पाहिजे. ती कोठे पाहावयाची, तर परसाबाहेर, डोंगरात. बहिणीला घेऊन मी एके सकाळी टोकावड्याच्या बाजूला गेलो होतो. उतारावर गवताची काडी हिरवी नव्हती. बरोबरच्या ठाकर गड्याने काठीने जमीन टोकरीत सांगितले, इथे कुलू, इथे रानहळद, तिथे कळलावी, आणि त्या करवंदीच्या जाळीखाली शेवळ. वर खूण कसलीही नव्हती. घराच्या खोल्या दाखवाव्या तसा तो दाखवीत होता.

कुलू पहिल्या पावसाबरोबर पात्यासारखी पाने काढतो, तीच भाजी म्हणून बाजारात येते. रानहळद श्रावणात जांभळट तुरा मिरवते. कळलावीचा वेल भाद्रपदात लाल-पिवळ्या ज्वाळांनी पेटतो. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हटले आहे ते उगीच नव्हे. कोकणात काही ठिकाणी तिला गौरीचे हात म्हणतात. कंद मात्र जहरी. बाळंतकळांशी जोडलेले तिचे मराठी नाव जुन्या सुइणींच्या हातातले आहे, आणि त्या हातांनाही ते सुरक्षित होते असे मानण्याचे कारण नाही. शेवळाची तऱ्हा तर जगावेगळी. तो सुरणाचा भाऊबंद. पाऊस पुरता लागण्यापूर्वीच, वळवाच्या सरीवर, पानाआधी त्याचे फूलच जमिनीतून वर येते, आणि ते फूल आमच्याकडचे लोक खातात! कॅनडातल्या बागप्रेमी बायका आपले कंद फुलले की मैत्रिणींना पाहायला बोलावतात. आमच्याकडे विळी काढतात.

आणि कारवी. ती कंद करीत नाही, ती झुडूप आहे. पण तिचे पंचांग सगळ्यांत लांबलचक. लोक म्हणतात कारवी सात वर्षांनी फुलते. शास्त्रज्ञ मोजून आठवे वर्ष म्हणतात. बोरिवलीच्या डोंगरात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. सबंध उतार एका वेळी जांभळा होतो, मधमाश्यांची चंगळ उडते, बी धरते आणि ती पिढीच्या पिढी वाळून जाते. वाळलेल्या कारवीचे कूड होतात. शेणमातीने लिंपलेल्या त्या भिंतींत या भागातल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. आमचा जुना गोठा कारवीचा होता. आपण फुलांच्या काठ्यांत गुरे बांधतो आहोत हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हते.

डोंगराची ही बाग गिब्सनच्या नजरेतून सुटली नव्हती. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला, आणि १८६१ साली डॅल्झेलबरोबर त्याने इथल्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पण त्याचे मला विशेष वाटते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. कोकणातले डोंगर बोडके होऊ लागले की झरे आटतात आणि गावाचे पाणी जाते, हे त्याने त्या काळी सरकारला बजावून सांगितले. त्याच १८६१ साली आगगाडी शहापूर तालुका ओलांडून कसाऱ्यापर्यंत गेली. १८६५ मध्ये ती थळ घाट चढली. रुळांखाली लाकूड लागे, वाढत्या मुंबईच्या चुलींना लाकूड लागे. जंगलाचे कायदे आले, आणि राबासाठी फांद्या तोडणारा कुणबी-ठाकर गुन्हेगार ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८८५ मध्ये कमिशन नेमावे लागले. फुलांच्या लेखात कमिशन कोठून आले असे वाचक म्हणतील. पण आमच्याकडे फुलाची गोष्ट शेवटी पाण्यापाशीच येते, आणि पाण्याची वाट डोंगरावरून उतरते.

तानसा तलावाचे पाणी मुंबईला १८९२ पासून जाते. मोडकसागर १९५७ मध्ये पुरा झाला. पुढे भातसा आली, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वाटा या शहापूरच्या परिसरातून जातो. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. यात गुपित काही नाही. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत छायाचित्र येते, आणि पहिल्या पावसाबरोबर तेही झोपी जाते.

आता त्या मोगऱ्याकडे येतो, जो एकटा हिरवा होता. मोगरा आपला जुना. हल्ली आमच्या भागात काही शेतकरी तो शेतात लावतात. थंडीच्या सुरुवातीला त्याची छाटणी करतात, पाणी तोडतात, त्याला ताण देतात. ताण पुरा झाला की शेणखत घालून पाणी सोडायचे. मग फाल्गुनापासून कळीचा तोडा सुरू होतो आणि लगीनसराईत भाव चांगला मिळतो. संत्री-डाळिंबांच्या मृगबहार, हस्तबहार, आंबेबहारामागेही हीच युक्ती आहे. कॅनडात निसर्ग बर्फ घालून झाडाला निजवतो. आमचा शेतकरी पाटाचे पाणी अडवून स्वतःच एक हिवाळा तयार करतो. मराठीत त्याला ताण हा शब्द आहे. मला तो फार नेमका वाटतो.

परंतु ताण संपवायला पाणी हाताशी असावे लागते. आईच्या हाताशी ते नसे. विहीर अर्ध्या कोसावर, तिचा तळ वैशाखात दिसू लागे. म्हणून मोगरा तिने मोरीच्या तोंडाशी लावला. तांदूळ धुतलेले पाणी, भांड्यांचे पाणी, आमच्या आंघोळीचे पाणी त्याला. बहीण सातआठ वर्षांची असताना एकदा तिने माठातला भरलेला तांब्या मोगऱ्यावर ओतला. आई तिला मारणारी नव्हती. पण त्या दिवशी तिने बहिणीला बरोबर घेतले, डोक्यावर लहानशी कळशी दिली, आणि विहिरीवरून परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी देवाला वाहिलेल्या ओंजळभर कळ्यांकडे पाहून बहीण रडली, एवढे मला आठवते.

तीच बहीण लग्न आटोपल्यावर पडवीत बसून म्हणाली, "दादा, मी पैसे पाठवते. बोअर मार, ठिबक टाक. उन्हाळ्यातही परस हिरवं राहील."

मी म्हटले, "बघू."

आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे तिला ठाऊक आहे. ती थोडी दुखावली. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. आईला जन्मभर जे जमले नाही ते तिला आता करता येत होते. माझेही म्हणणे मला नीट मांडता येईना. ओढ्यापलीकडच्या पाड्यावर दर तिसऱ्या दिवशी टँकर येत होता, आणि माझ्या परसात गुलबास उन्हाळ्यात हिरवा ठेवण्यासाठी दोनतीनशे फूट भोक पाडावयाचे, हे तोंडातून निघत नव्हते. आणि हिरवा ठेवला तरी तो झोपणार केव्हा?

घरातून वहिनीचा, म्हणजे माझ्या सौभाग्यवतीचा, आवाज आला. "बोअर मारा की. पण वन्सं, पाणी लागलं तर आधी मी हंडे भरीन आणि पाड्यावरच्या बायकांना हाक मारीन. उरलं तर तुमच्या कर्दळीला."

"उरेल का?" बहिणीने विचारले.

"मोरीला उरतं तेवढं उरेल."

त्यावर दोघी हसल्या आणि विषय लांबणीवर पडला. पैसे तिने पाठवलेच. ते बँकेत आहेत. या वर्षीच्या मार्गशीर्षात जागा पाहणाऱ्याला बोलवायचे असे वहिनी-नणंदांचे परस्पर ठरले आहे. मला विचारलेले नाही.

तिच्या विमानाच्या आदल्या दोन दिवशी संध्याकाळी वळीव आला. अर्धा तास कोसळला. तिसऱ्या सकाळी ती मला उठवायला आली; कुंपणाच्या करवंदीखाली तीन शेवळे जमिनीतून टोकदार वर आली होती. ती उकिडवी बसून कितीतरी वेळ पाहत राहिली, फोनमध्ये चित्रे घेतली, म्हातारीला दाखवीन म्हणाली. मग स्वतःच सुरी आणून ती कापली. पाड्यावरची एक बाई आणखी जुडी देऊन गेली. शेवळाची खाज मारायला बरोबर काकडे घालावी लागतात. तीही तिने दिली, पण मूठभरच. वहिनीने आतला पिवळा भाग काढून टाकला, बारीक चिरून उकळले, तेलात परतले, सोडे घातले. बहीण तीन वेळा वाढून घेऊन जेवली.

काकडे कमी पडली होती. विमानतळावर जाईपर्यंत आम्हा दोघांचे घसे खवखवत होते.